धर्मांतरित नेते आणि कॅथलिक चर्चची ‘प्रो-लाइफ’ शिकवण : आपण कोणते प्रश्न विचारायचे?

२१ डिसेंबर २००७ रोजी ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला. पंतप्रधानपद सोडून त्यांना सहा महिनेही झाले नव्हते. लंडनमध्ये कार्डिनल कॉर्मॅक मर्फी-ओ'कॉनर यांच्या निवासस्थानातील छोट्या प्रार्थनामंदिरात हा विधी पार पडला. अभिनंदन झाले, तसे प्रश्नही लगेच आले. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या खासदार अॅन विडकम यांनी विचारले की ब्लेअर यांचे संसदेतले मतदान गर्भपातासारख्या विषयांवर चर्चच्या शिकवणीच्या विरुद्ध राहिले आहे, मग आता त्यांचे मत बदलले आहे का? विडकम स्वतः १९९३ मध्ये अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक झालेल्या होत्या.

एका धर्मांतरिताने दुसऱ्या धर्मांतरिताला जाहीरपणे विचारलेला हा प्रश्न आजही संपलेला नाही. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स हेही २०१९ मध्ये कॅथलिक झालेले नेते आहेत, आणि त्यांच्याभोवती तोच प्रश्न वेगळ्या बाजूने फिरतो आहे. नेत्याने धर्म स्वीकारला की त्या धर्माची शिकवण त्याच्या राजकारणात किती दिसावी? आणि त्या राजकारणातून होणारा कायदा, तो धर्म न मानणाऱ्यांवर किती लागू व्हावा?

धर्मांतर म्हणजे काय हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यामुळे हा विषय परक्या देशांतला असला तरी तो समजून घेणे तरुण कार्यकर्त्यांच्या उपयोगाचे आहे.

प्रवेशाच्या विधीत काय कबूल केले जाते?

जन्माने कॅथलिक असलेल्या माणसाचा बाप्तिस्मा बहुधा तान्हेपणी होतो. त्याच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता वचन देतात. पुढे तो शिकवणीपासून दूर गेला तर ‘घरचा धर्म आहे, सगळेच पटते असे नाही’ असे म्हणण्याची सोय त्याला असते.

प्रौढपणी येणाऱ्याला ही सोय नाही. ज्याचा आधी बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला तयारीचा काळ पूर्ण करून बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे संस्कार दिले जातात. जो आधीच दुसऱ्या ख्रिस्ती पंथात बाप्तिस्मा घेतलेला आहे, त्याचा बाप्तिस्मा पुन्हा करत नाहीत. मात्र कॅथलिक चर्च जे जे देवाने प्रकट केलेले म्हणून मानते आणि शिकवते, ते सर्व आपण मानतो आणि स्वीकारतो, अशी कबुली त्याला स्वतःच्या तोंडाने द्यावी लागते. ब्लेअर यांचा प्रवेश या दुसऱ्या प्रकारचा होता.

विडकम यांच्या प्रश्नामागे ही कबुली होती. ‘सर्व मानतो’ असे म्हटल्यावर ‘यातला हा भाग सोडून’ असे म्हणता येते का, असा त्याचा अर्थ. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात लग्नाचा मुहूर्त काढायला कोणी गेले तर आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्याशी हा प्रश्न मिळताजुळता आहे. जाहीरपणे घेतलेल्या प्रतिज्ञेबद्दल समाज जाहीरपणे विचारतो, आणि विचारावेच.

चर्चची शिकवण नेमकी काय आहे?

‘प्रो-लाइफ’ हा शब्द ऐकला की आपल्याला फक्त गर्भपातविरोध आठवतो. गर्भपातविरोध हा या शिकवणीचा ठळक भाग आहे हे खरे. चर्चच्या मते मानवी जीवन गर्भधारणेच्या क्षणापासून सुरू होते आणि त्या क्षणापासून त्याला जगण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणून जाणूनबुजून केलेला गर्भपात गंभीर पाप मानला जातो. चर्चच्या कायद्यानुसार गर्भपात घडवून आणणाऱ्यावर आपोआप बहिष्काराची शिक्षा लागू होते. मात्र पश्चात्तापाची वाटही आहे. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला.

यात एक बारकावा आहे. आईच्या आजारावर आवश्यक उपचार करताना गर्भाचा मृत्यू होणार असेल, पण तो उपचाराचा हेतू नसेल, तर तो उपचार चर्चच्या मते गर्भपात ठरत नाही. गर्भाशयाचा कर्करोग हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. कागदावर स्पष्ट दिसणारा हा फरक प्रत्यक्ष दवाखान्यात किती अवघड होतो, ते पुढे येईलच.

पण शिकवण इथे थांबत नाही. १९६८ च्या परिपत्रकाने कृत्रिम संततिनियमनाला नकार दिला. १९८७ मध्ये टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीला नकार आला. दयामरणाला विरोध आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी ‘इव्हान्जेलियम व्हिटे’ हे परिपत्रक काढले. त्यात गर्भपात आणि दयामरणाबरोबर मृत्युदंडाचाही विचार आहे, आणि आधुनिक राज्यात मृत्युदंडाची गरज जवळपास उरलेली नाही असे त्यात म्हटले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या धर्मशिक्षणाचा मजकूरच बदलला आणि मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरवला. २०२४ मध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर एक दस्तऐवज काढला. त्यात गरिबी, युद्ध, स्थलांतरितांचे हाल, माणसांचा व्यापार, लैंगिक अत्याचार, गर्भपात आणि सरोगसी हे सारे विषय एकाच यादीत आहेत.

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी डिसेंबर १९८३ मध्ये फोर्डहॅम विद्यापीठातल्या भाषणात हाच विचार मांडला होता. गर्भातले मूल, फाशीचा कैदी, अण्वस्त्रांच्या छायेतली माणसे आणि उपाशी कुटुंब यांच्याकडे एकाच नैतिक नजरेने पाहावे, असे त्यांचे म्हणणे. चर्चमधल्याच अनेकांनी यावर टीका केली. सगळे प्रश्न एका माळेत ओवले की गर्भपाताचे गांभीर्य कमी होते, असा त्यांचा आक्षेप होता. हा वाद चर्चमध्ये आजही आहे.

थोडक्यात, ही शिकवण कोणत्याच राजकीय पक्षाच्या जाहीरनाम्यात पूर्ण बसत नाही. उजव्यांना तिचा एक अर्धा भाग सोयीचा, डाव्यांना दुसरा. म्हणूनच धर्मांतरित नेत्याची खरी अडचण इथे सुरू होते.

ब्लेअर : मतदान आणि युद्ध

ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने गर्भपाताला परवानगी दिली, तीही दोन डॉक्टरांच्या मताच्या अटीवर. १९९० मध्ये बहुतेक प्रकरणांसाठी मुदत २४ आठवड्यांची झाली. तिथल्या संसदेत या विषयावर पक्ष आदेश काढत नाही, प्रत्येक खासदार स्वतःच्या विवेकाने मत देतो. त्यामुळे ‘पक्षाने सांगितले म्हणून’ हे कारण ब्लेअर यांना देता येत नव्हते. त्यांच्याच सरकारच्या काळात, २००१ मध्ये, मूलपेशींच्या संशोधनासाठी मानवी भ्रूण वापरण्याची मुभाही वाढवली गेली. तीही चर्चच्या शिकवणीच्या विरुद्ध होती.

ब्लेअर हे अचानक कॅथलिक झाले नव्हते. त्यांच्या पत्नी चेरी जन्माने कॅथलिक, मुलेही त्याच धर्मात वाढली. ब्लेअर कुटुंबासोबत मिस्साला जात. अँग्लिकन असूनही ते ख्रिस्तप्रसाद घेतात म्हणून १९९६ मध्ये कार्डिनल बेझिल ह्यूम यांनी त्यांना पत्र लिहून तसे न करण्यास सांगितले होते. पंतप्रधान असताना श्रद्धेबद्दल आपण फार बोललो नाही, कारण लोक आपल्याला माथेफिरू समजतील अशी भीती होती, असे त्यांनी नंतर सांगितले. धर्मांतर पद सोडल्यावर केले, यातही हा सावधपणा दिसतो.

पण विडकम यांच्या प्रश्नात एक विषय नव्हता. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्लेअर व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले होते. इराकवरील युद्ध टाळा असे पोप त्या काळात सर्वांनाच सांगत होते. महिन्याभरात, २० मार्च २००३ ला, युद्ध सुरू झाले आणि ब्रिटनचे सैन्य त्यात होते. ‘प्रो-लाइफ’ या शब्दाचा चर्चला अभिप्रेत असलेला पूर्ण अर्थ घेतला, तर नव्या कॅथलिकाला पहिला प्रश्न इराकबद्दल विचारायला हवा होता. विडकम स्वतः मृत्युदंडाच्या समर्थक आहेत, हेही इथे नोंदवले पाहिजे. दुसऱ्याची शपथ तपासणाऱ्यानेही शपथेतला आपल्याला हवा तो भागच पुढे धरला होता.

अमेरिका : दोन धर्मांतरे, एक निकाल

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. ते संरक्षण २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने काढून घेतले आणि निर्णय राज्यांवर सोडला. या पन्नास वर्षांच्या लढाईत दोन धर्मांतरांची फार चर्चा झाली.

पहिले डॉ. बर्नार्ड नॅथनसन यांचे. ज्यू कुटुंबात जन्मलेले हे डॉक्टर १९६९ मध्ये गर्भपाताचे कायदे रद्द करण्यासाठी निघालेल्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. त्यांच्याच हिशेबाने सुमारे ७५ हजार गर्भपात त्यांच्या देखरेखीखाली झाले. पुढे सोनोग्राफी पाहून त्यांचे मत पालटले, आणि तेव्हा ते नास्तिक होते. १९८४ मध्ये ‘द सायलेंट स्क्रीम’ हा गर्भपातविरोधी चित्रपट त्यांनी आणला. त्यातल्या वैद्यकीय दाव्यांना अनेक डॉक्टरांनी हरकत घेतली. कॅथलिक ते बऱ्याच नंतर, डिसेंबर १९९६ मध्ये झाले. म्हणजे त्यांचे मत धर्मातून आले नव्हते, मतापासून ते धर्मापर्यंत पोहोचले. सगळे धर्मांतरित नेते ‘चर्चने सांगितले म्हणून’ बोलतात असे धरून चालणे चूक आहे, हे या उदाहरणावरून कळते.

दुसरे धर्मांतर नॉर्मा मॅककॉर्वी यांचे. ‘रो’ या टोपणनावामागची बाई हीच. टेक्सासमधली गरीब, हालाखीत वाढलेली तरुणी. तिसऱ्यांदा गरोदर असताना तिला गर्भपात हवा होता. खटला तिच्या नावाने लढला गेला, पण निकाल लागण्याच्या कितीतरी आधी बाळ जन्मले आणि दत्तक दिले गेले. ज्या हक्काचा चेहरा ती ठरली, तो हक्क तिला स्वतःला मिळालाच नाही. १९९५ मध्ये तिने गर्भपातविरोधी प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाकडून बाप्तिस्मा घेतला आणि १९९८ मध्ये ती कॅथलिक झाली. विरोधी बाजूच्या सभांमध्ये ती आता बोलू लागली. २०१७ मध्ये तिचे निधन झाले. २०२० मध्ये आलेल्या माहितीपटात, मृत्यूपूर्वी चित्रित केलेल्या मुलाखतीत, ती सांगते की त्या बाजूच्या लोकांकडून तिला पैसे मिळाले आणि त्यांना हवे ते ती बोलत होती. तिला जवळून ओळखणाऱ्या काहींना हे मान्य नाही, तिची श्रद्धा खरी होती असे ते म्हणतात.

खरे काय, हे इथे ठरवायचे नाही. पण समाजकार्यात असलेल्या माणसाला या कहाणीत ओळखीचे काहीतरी दिसते. गरीब बाई दोन्ही चळवळींना व्यासपीठावर हवी होती. तिचे घर, तिची कमाई, तिची मुले यांची काळजी कोणाच्या अजेंड्यावर किती होती, हा प्रश्न दोन्ही बाजूंना विचारता येतो. आपल्या चळवळींनाही.

व्हान्स : शिकवणीचा कोणता भाग?

जे. डी. व्हान्स ऑगस्ट २०१९ मध्ये सिनसिनाटी येथे कॅथलिक झाले. ओहायोचे सिनेटर आणि जानेवारी २०२५ पासून ते देशाचे उपाध्यक्ष आहेत. २४ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमधल्या ‘मार्च फॉर लाइफ’ या वार्षिक मोर्चात त्यांनी भाषण केले आणि अमेरिकेत जास्त मुले जन्मावीत असे सांगितले. गर्भपाताच्या प्रश्नावर ते चर्चच्या जवळ आहेत असे मानले जाते. तरीही निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ मध्ये, गर्भपाताच्या गोळीची उपलब्धता आपल्याला मान्य आहे असे त्यांनी मुलाखतीत सांगितले होते. त्यांच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये टेस्ट ट्यूब उपचार स्वस्त आणि सुलभ करण्याचा आदेश काढला. चर्चला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

मोठा संघर्ष झाला तो स्थलांतरितांवरून. जानेवारी २०२५ मध्ये व्हान्स यांनी एक जुनी ख्रिस्ती कल्पना पुढे केली : माणसाने आधी कुटुंबावर प्रेम करावे, मग शेजाऱ्यावर, मग देशबांधवांवर आणि त्यानंतर उरलेल्या जगावर. स्थलांतरितांना देशाबाहेर काढण्याच्या धोरणाला हा आधार होता. १० फेब्रुवारी २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहिले. प्रेमाचा खरा क्रम कळायचा असेल तर चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर विचार करा, असे त्यांनी त्यात सुचवले. त्या दाखल्यात रस्त्यावर जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला परक्या जमातीचा माणूस उचलून नेतो. व्हान्स यांचे नाव पत्रात नव्हते, पण रोख सर्वांना कळला.

मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे हे पहिले अमेरिकन पोप. ३० सप्टेंबर २०२५ रोजी पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले की गर्भपाताला विरोध करणारा पण मृत्युदंडाच्या बाजूने असणारा माणूस खऱ्या अर्थाने ‘प्रो-लाइफ’ नाही. स्थलांतरितांना मिळणाऱ्या अमानुष वागणुकीशी सहमत असणाऱ्याबद्दलही त्यांनी तीच शंका बोलून दाखवली. निमित्त मात्र उलट्या बाजूचे होते. स्थलांतरितांसाठी काम केल्याबद्दल शिकागोच्या धर्मप्रांताने सिनेटर डिक डर्बिन यांना पुरस्कार जाहीर केला होता. गर्भपाताच्या कायदेशीर हक्काला त्यांचा पाठिंबा असल्याने काही बिशपांनी त्याला विरोध केला, आणि शेवटी डर्बिन यांनी पुरस्कार नाकारला.

जन्माने कॅथलिक असलेले जो बायडन यांची गोष्टही याच मापाने पाहावी. गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा दिल्यामुळे त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावा की नाही यावर अमेरिकन बिशपांत २०२१ मध्ये मोठा वाद झाला. त्याच बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी जाहीर आवाहन केल्यानंतर, संघराज्याच्या ४० पैकी ३७ फाशीच्या कैद्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने, ज्यात व्हान्स उपाध्यक्ष आहेत, मृत्युदंडाची अंमलबजावणी जोमाने करण्याचा आदेश काढला. दोघांच्याही हातात शिकवणीचा अर्धा अर्धा भाग आहे.

संपूर्ण शिकवण पेलणारे कोणी आहे का?

आहे, पण ती व्यक्ती सत्तेत नव्हती. डोरोथी डे यांचा जन्म १८९७ चा. तरुणपणी त्या डाव्या चळवळीत पत्रकार होत्या. त्या काळात त्यांचा गर्भपात झाला होता, आणि त्याचे दुःख त्यांना आयुष्यभर राहिले. १९२६ मध्ये मुलगी झाली. १९२७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश केला. १ मे १९३३ रोजी, महामंदीच्या काळात, पीटर मॉरिन यांच्यासोबत त्यांनी ‘कॅथलिक वर्कर’ हे एका सेंटला मिळणारे वृत्तपत्र सुरू केले. त्यातून बेघरांसाठी निवारे आणि भुकेल्यांसाठी अन्नाची घरे उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी युद्धविरोध सोडला नाही, त्यामुळे वाचक घटले, सहकारी दुरावले. १९८० मध्ये त्या वारल्या. २००० मध्ये त्यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया सुरू झाली.

डे यांनी गर्भातल्या जीवाबद्दल जे मानले, तेच रांगेत उभ्या असलेल्या भुकेल्याबद्दल आणि शत्रूच्या सैनिकाबद्दलही मानले. त्यासाठी त्यांनी काही कायदा केला नाही. त्या गरिबांबरोबर राहिल्या. त्यांच्याशी आपले मतभेद असू शकतात, पण त्यांची शपथ अर्धी होती असे कोणी म्हणू शकत नाही.

शपथ एकाची, कायदा सर्वांचा

आता सर्वांत अवघड प्रश्न. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो हे जन्माने कॅथलिक. सप्टेंबर १९८४ मध्ये नोत्र दाम विद्यापीठात त्यांनी मांडले की मी आणि माझी पत्नी चर्चची शिकवण स्वतःसाठी मानतो, पण वेगवेगळ्या श्रद्धांच्या समाजात ती कायद्याने सर्वांवर लादणे माझे काम नाही. पुढच्या अनेक कॅथलिक राजकारण्यांनी हीच भूमिका घेतली.

चर्चला ती मान्य नाही, आणि चर्चचा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे. चर्च म्हणते, शुक्रवारचा उपवास हा आमचा धार्मिक नियम आहे, तो आम्ही इतरांवर लादत नाही. पण निष्पाप जीवाला मारू नये हा नियम कोणत्याही विवेकी माणसाला कळणारा आहे. गुलामगिरी चूक आहे असे मी ‘स्वतःपुरते’ मानतो, असे म्हणून चालेल का?

हा युक्तिवाद चटकन झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचा एक परिणाम चर्चनेही स्वीकारला पाहिजे. शिकवण जर धर्माची नसून सर्वांच्या विवेकाची असेल, तर ती विवेकाच्याच भाषेत मांडावी लागेल, आणि तिच्या तराजूत बाईचा जीव, तिचे आरोग्य, तिची परिस्थिती यांनाही पूर्ण वजन द्यावे लागेल. ते दिले नाही तर काय होते ते आयर्लंडमध्ये दिसले.

सविता हलप्पनवार मूळच्या बेळगावच्या. ३१ वर्षांच्या, दंतवैद्य, धर्माने हिंदू. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॅलवे येथे १७ आठवड्यांच्या गरोदर असताना त्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले. त्यांनी गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके सुरू आहेत म्हणून ती नाकारली गेली. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. हा कॅथलिक देश आहे, असे आपण त्यांना म्हटल्याचे एका परिचारिकेने नंतरच्या चौकशीत मान्य केले. संसर्ग वेळीच ओळखण्यात उपचारातही चुका झाल्या, असे चौकशीत पुढे आले. पण १९८३ पासून आयर्लंडच्या घटनेत आईच्या आणि गर्भाच्या जीवाला समान हक्क होता, आणि डॉक्टर नेमके कधी हात घालू शकतात हे कायद्याने स्पष्ट केलेले नव्हते. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ते कलम काढून टाकले. ज्या बाईने ती शपथ कधी घेतलीच नव्हती, तिच्यावर त्या शपथेतून आलेल्या कायद्याचा भार पडला होता.

आपल्याकडे काय?

भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला ५० वर्षे झाली तेव्हा कॅथलिक बिशपांनी १० ऑगस्ट हा शोकदिन पाळण्याचे आवाहन केले. तो त्यांचा लोकशाही हक्क आहे, आणि त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. वसई-मुंबई-गोव्यातले कॅथलिक आपले शेजारी आहेत, त्यांच्या श्रद्धेची टिंगल करणे हा या लेखाचा हेतू नाही.

कार्यकर्त्यांनी मात्र कायदा माहीत करून घ्यावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या टप्प्यात अविवाहित स्त्रियांनाही समान हक्क दिला. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची सही कायद्याने आवश्यक नाही. वस्त्यांमध्ये काम करताना सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आढळतो. सहीअभावी परत पाठवलेल्या बाया शेवटी भोंदू इलाजाकडे वळतात. आणि गर्भलिंगनिदान हा वेगळा गुन्हा आहे, त्याची गल्लत या हक्काशी करू नये.

सार्वजनिक विवेकाच्या भाषेत बोलणे म्हणजे काय, याचा धडा आपल्या इतिहासात आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या बाजूने ठराव आला. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला. विषय गर्भपाताचा नव्हता, पण रीत लक्षात घेण्यासारखी आहे. मांडणी धर्मग्रंथावर नव्हती. स्त्रीचे आरोग्य, घरातली गरिबी, मुलांचे भवितव्य आणि नको असलेले मातृत्व टाळण्याचा स्त्रीचा अधिकार यांवर होती. ठराव फेटाळला गेला, मुद्दे मात्र आजही खोडता येत नाहीत.

मग प्रश्न कोणते?

धर्मांतर करणाऱ्याच्या हेतूवर शंका घेतली की काय वाटते, हे आपण जाणतो. १९५६ पासून आपल्याला ‘सवलतींसाठी’, ‘रागापोटी’ अशी विशेषणे ऐकावी लागली. म्हणून ब्लेअर किंवा व्हान्स कॅथलिक का झाले, हा प्रश्न आपण सोडून द्यावा. मनात शिरण्याचा अधिकार कोणालाच नाही. आचरणाबद्दल मात्र तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला : घेतलेली शपथ पूर्ण आहे की सोयीपुरती? गर्भाबद्दल बोलणारा युद्धाबद्दल, फाशीबद्दल, परक्या माणसाबद्दलही तेच बोलतो का?

दुसरा : किंमत कोण मोजतो? शिकवणीचा भार नेता स्वतः उचलतो, की सगळा भार गरीब बाईच्या अंगावर टाकून मोकळा होतो?

तिसरा : कायदा करताना तो कोणत्या भाषेत बोलतो? त्याचा धर्म न मानणाऱ्यालाही तपासता येतील अशी कारणे देतो का?

हे तीन प्रश्न फक्त कॅथलिक नेत्यांसाठी नाहीत. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो, आणि ते प्रत्येकाने स्वतःसाठी घ्यायचे असते. आपल्या समाजातून निवडून गेलेला नगरसेवक, आमदार, खासदार धम्माचे नाव घेतो तेव्हा त्यालाही हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. येत्या निवडणुकीत उमेदवार वस्तीत येतील. तेव्हा त्यांच्या गळ्यातला निळा गमछा पाहण्याऐवजी, सरकारी दवाखान्यात सुरक्षित बाळंतपण आणि सुरक्षित गर्भपात दोन्ही मिळावेत यासाठी तुम्ही सभागृहात काय बोललात, एवढे विचारून पाहावे.